भावाला कॅन्सर निघालाय, चार कर्जं चालू आहेत आणि पगार थांबतोय. हप्त्यांचं काय करावं?

गोदाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मोठ्या भावासाठी विचारतोय. वय ४६, नाशिकला खासगी कंपनीत नोकरी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, आता दर २१ दिवसांनी एक अशा केमोच्या आठ सायकल सांगितल्या आहेत. भरपगारी रजा या महिन्यात संपते, पुढे बिनपगारी. ईएसआयसी लागू नाही.

कर्जं अशी आहेत:
गृहकर्ज: शिल्लक २५ लाख, फ्लोटिंग ९ टक्के, १५ वर्षं बाकी, हप्ता २५,३५७. वहिनी सहकर्जदार.
वैयक्तिक कर्ज: शिल्लक ४ लाख, १५ टक्के, २४ हप्ते बाकी, हप्ता १९,३९५.
क्रेडिट कार्ड: १,८०,००० ची थकबाकी होती. बँकेने १,२०,००० वर सेटलमेंट केली, दरमहा १०,००० चे १२ हप्ते. पाच भरले, सात बाकी.
पतसंस्था: हप्ता ६,०००. भावाचे दोन सहकारी जामीनदार आहेत.

वहिनींचा पगार २८,०००, घरखर्च कसाबसा २०,००० मध्ये बसतो. अडीच लाखांची एफडी आहे, ती गृहकर्ज असलेल्या बँकेतच. हप्त्यांची बेरीज ६०,७५२. अजून एकही हप्ता चुकलेला नाही, कार्ड सोडलं तर. कुठून सुरुवात करावी?

---

हिशोबी

दादा, हप्ता अजून चुकलेला नाही ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ती जायच्या आत हालचाल करा.

आधी एक गोष्ट जी हप्त्यांच्याही वर येते: आरोग्य विमा, टर्म विमा, एलआयसी, जे काही चालू असेल त्याचा प्रीमियम. मासिक प्रीमियमला साधारण १५ दिवसांची आणि वार्षिकला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटून पॉलिसी बंद पडली, तर कॅन्सर निघालेल्या माणसाला ती पुन्हा कुणी सहज देणार नाही. हप्ता चुकला तर दंड भरून सावरता येतं, इथे सावरता येत नाही. कॅलेंडरवर सगळ्या तारखा आजच लिहून ठेवा.

आता कर्जं. घर वाचवायचं म्हणून सगळे आधी गृहकर्जाच्या बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागतात. पण लांब मुदतीच्या कर्जात मुदत वाढवून फारसं हाती लागत नाही. तुमचेच आकडे घ्या. १५ वर्षांची २० वर्षं केली तर हप्ता २२,४९३ होतो, म्हणजे सुटका २,८६४ ची. २५ वर्षं केली तरी २०,९८०. 'फक्त व्याज भरतो' म्हटलं तरी पहिल्या महिन्याचं व्याजच १८,७५० आहे.

वैयक्तिक कर्जाचं उलट आहे. २४ महिन्यांचे ६० केले की १९,३९५ चा हप्ता ९,५१६ वर येतो. महिन्याला जवळजवळ दहा हजार मोकळे होतात. एकूण व्याज जास्त जाईल हे खरं, पण तब्येत सावरल्यावर ते लवकर फेडता येईल. म्हणून मुदतवाढीचा जोर या कर्जावर लावा.

गृहकर्जाला हप्ता कमी करून मागण्यापेक्षा सहा महिन्यांची स्थगिती मागा. तिचा खर्च मात्र समजून घ्या. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात चढून २५ लाखांचे २६,१४,६३१ होतात. त्यानंतर तोच हप्ता ठेवला तर १८० ऐवजी १९९ हप्ते लागतात. शेवटी वाढलेले हे १९ हप्ते म्हणजे जवळजवळ पावणेपाच लाख. हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि स्थगिती नाकारतात. पण स्थगिती संपल्यावर तेवढे १,१४,६३१ एकदम भरले, तर कर्ज पुन्हा २५ लाखांवर येतं आणि १८० हप्त्यांतच संपतं. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा आकार घेता येत नाही. म्हणजे खरा खर्च सव्वा लाखाच्या आतला, पुढचं सगळं ते व्याज न भरता सोडून दिल्याचं.

---

थकबाकी_विभाग

हिशोबींचं गणित बरोबर आहे. पण बँक हे सहज देणार नाही, आणि का देत नाही ते कळलं तर अर्ज नीट लिहिता येईल.

अडचणीत आलेल्या कर्जदाराला मुदतवाढ किंवा स्थगिती दिली की रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती 'पुनर्रचना' ठरते. मग खातं सहसा एनपीएत, म्हणजे बुडीत धरलेल्या कर्जांत, उतरतं, बँकेला त्यापोटी पैसे बाजूला ठेवण्याची तरतूद करावी लागते आणि कर्जदाराच्या क्रेडिट अहवालात 'रिस्ट्रक्चर्ड' ही नोंद लागते. कोविडच्या वेळी २०२० आणि २०२१ मध्ये यातून खास सूट होती, ती आता नाही. म्हणून शाखा व्यवस्थापक चालढकल करतात. बहुतेक वेळा त्यांना तो अधिकारही नसतो, प्रस्ताव वर पाठवावा लागतो. व्यक्तीला आजारपणात सवलत मिळण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. दिवाळखोरी संहितेतला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू केलेला नाही. त्यामुळे सगळी भिस्त त्या बँकेच्या धोरणावर आणि तुमच्या कागदपत्रांवर.

अर्जात 'सहानुभूतीने विचार व्हावा' एवढंच लिहून चालत नाही. मंजूर करणाऱ्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात: उत्पन्न किती काळ थांबणार, त्या काळात काय भरू शकता, आणि नंतर कुठून भरणार. पहिलीसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात निदान, स्टेज, आठ सायकल म्हणजे २४ आठवड्यांचा उपचार आणि कामावर परतण्याचा अंदाज, हे चारही हवं. नुसता 'उपचार चालू आहेत' असा दाखला निरुपयोगी. सोबत बायॉप्सी रिपोर्ट, कंपनीचं बिनपगारी रजेचं पत्र ज्यात नोकरी कायम आहे असा उल्लेख असेल, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि चारही कर्जांचा एकपानी तक्ता. मागणी नेमकी लिहा: 'अमुक महिन्यापासून सहा हप्ते स्थगित, त्या काळातलं व्याज अमुक तारखेपर्यंत स्वतंत्र भरू.' दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोच अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवरही पाठवा.

उत्तर येईपर्यंत दिवसांवर लक्ष ठेवा. ५ एप्रिलचा हप्ता चुकला तर ५ मेला खातं एसएमए-१ मध्ये (एसएमए म्हणजे एनपीएच्या आधीच्या इशाऱ्याच्या पायऱ्या), ४ जूनला एसएमए-२ मध्ये आणि ४ जुलैला एनपीए. मोजणी सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून होते. त्यामुळे पैसे अपुरे असतील तर निदान सर्वात जुना हप्ता पूर्ण फिटेल एवढी रक्कम त्या तारखेच्या आत जायला हवी, म्हणजे घड्याळ एक महिना मागे येतं. पैसे भरताना 'अमुक महिन्याच्या हप्त्यापोटी' असं लेखी कळवा, नाहीतर ते आधी आकारांत वळते होऊन हप्ता थोडक्यात अपुरा राहतो. हे फार वेळा होतं. आणि एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी चुकती केल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही. सुरक्षित कर्जात त्यानंतर सरफेसी कायद्याची (गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते.

खात्यात पैसे नसताना ईसीएस किंवा नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय) येऊ देऊ नका. परत गेलेल्या प्रत्येक वेळेला कर्ज देणाऱ्याचा दंड आणि तुमच्या बँकेचा दंड असे दोन्ही लागतात, काही कंपन्या महिन्यात पुन्हा पुन्हा लावून पाहतात. शिवाय तो न वटलेल्या चेकसारखाच फौजदारी विषय होऊ शकतो. पण गुपचूप मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द करणंही चुकीचं. तारखेच्या आठवडाभर आधी लेखी कळवा आणि जमेल ती रक्कम स्वतः भरा.

---

पानसुपारी

तीन मुद्दे राहिले.

कार्डाची सेटलमेंट. ते पत्र काढून वाचा. बहुतेक पत्रांत अट असते की एक हप्ता चुकला तरी सवलत रद्द, मूळ थकबाकी व्याजासकट पुन्हा उभी. म्हणजे तुमच्या बाबतीत माफ झालेले ६०,००० परत अंगावर, आणि त्यावर कार्डाचं महिन्याला तीन टक्क्यांच्या वरचं व्याज. पुढच्या हप्त्याच्या आधी त्याच विभागाला लिहून तीन महिने मुदत मागा. त्यांनी 'चालेल' म्हटलं तर सुधारित पत्र नव्या तारखांसह घ्या. ते नाही मिळालं तर माझं मत: एफडीतून उरलेले ७०,००० एकदम भरून हे प्रकरण मिटवा. चार कर्जांपैकी थोड्या पैशात कायमचं संपणारं हेच आहे. भरल्यावर नो ड्यूज पत्र घ्या.

कर्जाला जोडलेला विमा. गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्ज देताना एकरकमी प्रीमियम कापून 'ग्रुप क्रेडिट लाइफ' पॉलिसी काढलेली असते आणि घरच्यांना ते माहीतही नसतं. मंजुरीपत्र आणि कर्ज वितरणाच्या दिवशीचं स्टेटमेंट बघा, रक्कम पूर्ण आली होती की काही कापलं होतं. पॉलिसीत फक्त मृत्यूचं संरक्षण असेल तर आत्ता उपयोग नाही. गंभीर आजाराचं कलम असेल तर दावा करा. अशा पॉलिसीत सुरुवातीचे साधारण ९० दिवस संरक्षण नसतं, आणि निदानानंतर बऱ्याचदा ३० दिवस हयात असण्याची अट असते. कॅन्सरच्या व्याख्येत अगदी प्राथमिक अवस्थेतली, न पसरलेली गाठ वगळलेली असते, पण तिसऱ्या स्टेजचा आतड्याचा कॅन्सर त्या वगळणुकीत जाऊ नये. दावा बँकेकडे नाही, विमा कंपनीकडे करायचा. हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरची तारीखच निदानाची तारीख धरतात, म्हणून मूळ रिपोर्ट जपा. आणि दावा लागेपर्यंत हप्ते चालूच असतात. 'विमा येईल' म्हणून थांबणारे इथेच एनपीएत जातात. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार, मग वर्षाच्या आत विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे.

सही. बँक घरच्यांशी बोलायला नकार देते, कारण खातं भावाचं. तो ठीक आहे तोवर चारही ठिकाणी वहिनींच्या किंवा तुमच्या नावाने अधिकारपत्र द्या, आणि पगार खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं, संयुक्त करा. रुग्णाला सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्यासाठी बँकेच्या माणसाला दवाखान्यात यावं लागेल. लेखी मागा.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. वैयक्तिक कर्ज ज्या कंपनीचं आहे तिथला माणूस फोनवर म्हणाला, 'तीन महिने भरू नका, मग सेटलमेंट करून देतो, सव्वादोन लाखांत मिटेल.' कार्डाच्या वेळचे वसुलीवाले आत्ताही वहिनींच्या ऑफिसात फोन करतात. आणि पतसंस्थेचं कुणीच काही बोललं नाही.

---

थकबाकी_विभाग

त्या फोनवर विश्वास ठेवू नका. तीन महिने न भरणं म्हणजे ९० दिवस ओलांडणं. सेटलमेंट सहसा एनपीए झालेल्या खात्यालाच मिळते म्हणून तो तसं सुचवतोय, पण ती मिळेलच असं वचन त्याला देता येत नाही. मिळाली तरी अहवालात 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं. गृहकर्ज १५ वर्षं चालायचं आहे, पुढे ते दुसऱ्या बँकेत न्यायचं झालं तर ही नोंद आडवी येईल. भाऊ कामावर परतण्याची शक्यता असताना सेटलमेंट हा शेवटचा उपाय ठेवा, आधी मुदतवाढ. परतण्याची आशाच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लेटरहेडवर रक्कम, तारखा आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असलेलं पत्र आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे कर्ज खात्यातच जायला हवेत, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. 'तुमचं कर्ज माफ करून देतो' म्हणून आधी फी मागणाऱ्या जाहिरातींपासूनही लांब राहा, रिझर्व्ह बँकेने त्यांच्याबद्दल सावध केलेलं आहे.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकावणं आणि नातेवाइकांत, ऑफिसात बदनामी होईल असं वागणं नियमाविरुद्ध आहे. घरात दुःखद किंवा आपत्तीचा प्रसंग असताना फोन आणि भेटी टाळाव्यात असंही मार्गदर्शक तत्त्वांत आहे. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, बँकेला ईमेल करून कळवा की घरात केमो चालू आहे आणि संपर्क फक्त अमुक नंबरवर, अमुक वेळेत करावा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार, फी नाही. माहितीसाठी १४४४८. गृहकर्ज बँकेचं नसून हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिच्याविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे.

दंडाबद्दल एक: १ एप्रिल २०२४ नंतर दिलेल्या कर्जांत हप्ता चुकल्याबद्दल व्याजदर वाढवून दंड लावता येत नाही, वेगळा दंडात्मक आकार लावावा लागतो आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घेता येत नाही. जुनी कर्जंही ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीत आणायची होती. स्टेटमेंट तपासा.

---

पानसुपारी

पतसंस्था गप्प आहे म्हणून तिला शेवटी टाकू नका. ती सहकार कायद्याखाली चालते, कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी थेट जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचं तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. आणि दोन सहकाऱ्यांच्या पगारावर गदा येईल. कर्जदार आजारी आहे हा जामीनदाराचा बचाव होत नाही. जामीनदारांना आजच सगळं सांगा, त्यांना नोटिशीतून कळलं तर नातं तुटतं. संचालक मंडळाच्या सभेपुढे अर्ज ठेवायला सांगा. इथे मुदतवाढ सचिवाच्या हातात नसते, ठराव लागतो आणि जामीनदारांची संमतीही. ६,००० चाच हप्ता आहे, माझ्या मते तो चालूच ठेवा. इथली तक्रार रिझर्व्ह बँकेकडे नाही, तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जाते.

---

हिशोबी

सगळं एकत्र मांडतो. वहिनींच्या पगारातून घरखर्च जाऊन ८,००० उरतात. गृहकर्ज स्थगित, वैयक्तिक कर्ज ९,५१६, पतसंस्था ६,०००. महिन्याला ७,५१६ कमी पडतील, सहा महिन्यांचे ४५ हजार. कार्डाचे ७०,००० धरून एफडीतून १,१५,००० जातील, १,३५,००० उरतील.

पण गृहकर्जाची पुनर्रचना टाळता आली तर जास्त बरं, म्हणून पीएफ बघा. आजारपणासाठी फॉर्म ३१ ऑनलाइन भरून आगाऊ रक्कम मिळते, परत करावी लागत नाही. यूएएनला (पीएफ सदस्याचा क्रमांक) आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं हवं, खात्यावरचं नाव आधारशी जुळायला हवं. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. औषधोपचार पीएफमधून भागला तर एफडी हप्त्यांना मोकळी होते. सहा हप्ते म्हणजे १,५२,१४२. पीएफवर २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के आणि गृहकर्ज ९ टक्के, त्यामुळे इथे हिशेबाने नुकसान नाही, आणि अहवाल स्वच्छ राहतो. निवृत्तीचा पैसा कमी होतो ही बाजू आहेच, पण भाऊ ४६ चा आहे, भरून काढायला वर्षं आहेत.

एफडीबद्दल सावध राहा. ती कर्ज देणाऱ्या बँकेतच आहे. खातं थकलं तर बँक धारणाधिकार (थकलेल्या कर्जापोटी ठेव अडवून ठेवण्याचा हक्क) दाखवून ती वळती करून घेऊ शकते. केमोचे पैसे ज्या बँकेत कर्ज नाही तिथे ठेवा, आणि हे हप्ता थकायच्या आधी करा.

---

आरोग्यवाट

एफडी वाचवायची तर उपचाराचा खर्चच खाली आणा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत, कॅन्सरची केमो त्यात येते. आता रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही, पांढरं कार्डही चालतं. रुग्णालय मात्र योजनेतलं हवं. तिथे आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि बायॉप्सी रिपोर्ट दाखवून आधी पूर्वमंजुरी घ्यायची. लोक पहिल्या दोन सायकल रोखीने घेतात आणि मग विचारतात, पण भरलेलं बिल योजनेतून परत मिळत नाही. सध्याचं रुग्णालय यादीत नसेल तर पुढच्या सायकलपासून बदलता येतं का हे ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, औषधांचा क्रम आणि आतापर्यंतचे डोस लेखी घेऊन जा. १५५३८८ वर जवळची रुग्णालयं सांगतात.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत असतात. उत्पन्न मर्यादा वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,०००. भावाचा पगार धरून आज तुम्ही त्यात बसणार नाही, पण बिनपगारी रजा लांबली तर तहसीलदारांच्या नव्या उत्पन्न दाखल्यावर परिस्थिती बदलू शकते. दाखल्याला वेळ लागतो, अर्ज आधीच करून ठेवा.

योजनेची मंजुरी मिळाली की तिची प्रत बँकेच्या अर्जालाही जोडा. उपचाराचा खर्च बाहेरून भागतोय हे दिसलं की 'नंतर कुठून भरणार' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.